बारा परांचा मुद्देमाल

"पाखरू आरोपी आहे की फिर्यादी?" साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"मुद्देमाल आहे, साहेब," जमादार म्हणाले आणि त्यांनी टोपली टेबलावर ठेवली.

टोपलीवर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधला होता. आत एक काळपट राखाडी कबुतरी बसली होती. तिने एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बघितलं, आणि इथे वेळ लागणार हे ओळखून डोळे मिटून घेतले. पक्षकारांना हे कळायला चार-पाच तारखा जाव्या लागतात.

ही गोष्ट एकाहत्तर सालची, तासगडच्या कोर्टातली. मी तिथे हंगामी कारकून होतो. हंगामी कारकुनाला आंब्याचाही मान नसतो. आंब्याचा हंगाम निदान दरवर्षी येतो. माझ्या ताब्यात मुद्देमालाची खोली होती. तीत चौदा सुरे, तीन सायकली, एका नंदीबैलाची झूल आणि गावठी दारूचा एक कॅन होता. कॅनमधली दारू उन्हाळ्यात कमी होई. पावसाळ्यातही होई. आमचे नाझर, म्हणजे कचेरीचे प्रमुख, आप्पासाहेब कोळेकर याला बाष्पीभवन म्हणत, आणि दुपारनंतर त्यांच्याजवळ उभं राहिलं की बाष्प नेमकं कुठे जातं तेही समजे.

मला कायम करण्याचा कागद याच आप्पासाहेबांच्या खणात होता. "सही तेवढी राहिली आहे, उकिडवे," असं ते गेले अकरा महिने म्हणत होते. सही झाली नाही तर गावी चुलत्यांची पिठाची गिरणी होती. चुलत्यांनी माझ्यासाठी पांढरी टोपीसुद्धा शिवून ठेवली होती. गिरणीत रंगीत टोपीचा उपयोग नसतो, संध्याकाळपर्यंत ती पांढरी होतेच.

तर टोपलीच्या एका बाजूला दगडू परीट उभा होता आणि दुसऱ्या बाजूला मारुती कोष्टी. दोघं पन्नाशीचे, दोघांची घरं एकाच बोळात समोरासमोर, दोघांच्या छपरांवर कबुतरं. तीस वर्षांची दोस्ती होती म्हणे. आता दोघांच्या मध्ये एक हवालदार उभा करावा लागला होता.

"साहेब, नऊ म्हैने माझ्या छपरावर होती," परीट म्हणाला. "राणी नाव तिचं. ह्यानं धरली आणि पर छाटले."

"पर म्हणजे?"

"पंखातली लांब पिसं, साहेब. ज्यांच्यावर पाखरू उडतं ती. ती छाटली की पाखरू घरचं होतं."

"म्हणजे त्याला कुठे जाता येत नाही."

"तेच की, साहेब. घरचं होतं."

साहेबांनी हे वाक्य लिहून घेतलं नाही, पण लेखणी थोडा वेळ हवेत धरली. "आणि तुमचं म्हणणं काय?" त्यांनी कोष्ट्याला विचारलं.

"शेवंता आपल्या मर्जीनं माझ्या छपरावर उतरली, साहेब. उतरलेलं पाखरू धरणाऱ्याचं, हा आमच्यातला रिवाज हाय. ह्याला विचारा, ह्यानं तरी कुठनं आणली?"

परिटाने एकदम छताकडे बघितलं. छतावर काही नव्हतं.

"कुठून आणली?" साहेबांनी विचारलं.

"अशीच, साहेब. रिवाजानं."

"गावात या विषयातलं जाणकार कोणी आहे का?"

"नाय," दोघं एकदम म्हणाले. खटला सुरू झाल्यापासून त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

"आहेत की, साहेब," जमादार मागून म्हणाले. "उस्ताद नबीलाल वारले, पण त्यांच्या घरच्या हलीमाचाची आहेत. उस्तादांपेक्षा त्यांनाच जास्त कळतं, असं उस्तादच म्हणायचे. आणि हे दोघंही उस्तादांचेच चेले."

दोन्ही चेल्यांचे चेहरे तेव्हा असे झाले, की जणू गृहपाठ तपासायला हेडमास्तरीणबाई येणार आहेत.

पुढच्या तारखेला हलीमाचाची आल्या. साठीची, ठेंगणी, सडपातळ बाई. डोक्यावरून घट्ट पदर, हातात बाजरीची पिशवी. त्या दारातून आत येताच परीट आणि कोष्टी दोघांनी नजर फरशीवर लावली. मला वाटलं, गुरुपत्नीबद्दल केवढा हा आदर!

चाचींनी टोपलीत हात घातला. आम्ही तीन जण जमून जे करताना दोनदा ओरबाडले गेलो होतो, ते त्यांनी एका हाताने केलं. कबुतरी तळहातावर, तिचे पाय दोन बोटांत. मग दुसऱ्या हाताने त्यांनी पंख उलगडला, पत्त्यांचा डाव उलगडावा तसा. डाव फार वाईट होता. मधली सहा पिसं अर्ध्यावर छाटलेली, टोकाची दोन तेवढी शाबूत.

"ही दोन ठेवली म्हणजे पंख मिटल्यावर बाहेरून बरा दिसतो," चाची म्हणाल्या. त्यांचं बोट शेवटच्या पिसावर थांबलं. डाव्या पंखातलं ते शेवटचं पीस पांढरं होतं, बाकी सगळी काळपट. बोट जरा जास्तच थांबलं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काय नाय, साहेब. कापणाऱ्याचा हात वाईट हाय."

कोष्ट्याने आपला हात धोतराआड घेतला.

"मग ही कबुतरी कोणाची?"

"मी कशी सांगू? तिचं तिनं सांगावं."

"ती कशी सांगणार?"

"उडून. पर आले की वर सोडा. कुणी शीळ घालायची नाय, दाणे टाकायचे नाय. जिथं उतरंल ते तिचं घर. माणसाला वाटेल तिथं उतरता येतं. कबुतराला नाय येत."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. तीन वर्षं ते बांधाच्या आणि पाटाच्या पाण्याच्या भांडणांत बुडालेले होते. वर बघण्याचं कायदेशीर कारण त्यांना प्रथमच मिळत होतं. "पिसं कधी येतील?"

"कापलेलं पर आपल्या आपण येत नाय, साहेब. बुडखा कातडीत तसाच ऱ्हातो, आणि अंगाला वाटतं, पर हायेत. झडायचा हंगाम येईतोवर अंग तसंच फसून ऱ्हातं. बुडखा ओढून काढला की मग कळतं, की नाय. मग नवं येतं. दोन म्हैने द्या मला."

साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम सांगितला आणि मी तो लिहिला. जाणकार साक्षीदाराने पिसांचे बुडखे काढावेत. पिसं पुरी येईपर्यंत पक्षी मुद्देमाल कारकुनाने सांभाळावा. नंतर कोर्टाच्या गच्चीवरून सोडावा. आणि ज्याच्या छपरावर तो आपखुशीने उतरेल त्याच्या ताब्यात द्यावा.

संध्याकाळी आप्पासाहेबांनी मला बोलावलं. "उकिडवे, माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत उडवायचा हुकूम असलेला हा पहिला मुद्देमाल. उडाला आणि कुठे उतरलाच नाही तर?"

"तर काय, आप्पासाहेब?"

"तर मुद्देमाल गहाळ. कारकुनाच्या ताब्यातून." आणि त्यांनी तो खण, ज्यात माझा कागद होता, अगदी हळुवार हाताने बंद केला.

चाची दर शनिवारी, बाजारच्या दिवशी, येत. एकदम सगळे बुडखे काढले तर पाखरू आजारी पडतं, म्हणून एका वेळी प्रत्येक पंखातले दोनच. मी कबुतरी धरायची, चाचींनी एका बोटाने कातडी दाबायची आणि बुडखा सरळ रेषेत, एका झटक्यात बाहेर. कबुतरी फक्त एकदा मान वळवून बघे. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी येई.

"पाखरू रडत नाय आणि कारकून रडतोय," चाची म्हणाल्या. "घट्ट नको धरू रं. पळणार नाय ती, पळायचं कशावर?"

तीन शनिवारांत बारा बुडखे निघाले. मी त्यांची तीन पाकिटं केली. पाकिटांवर आप्पासाहेबांनी लाखेची अशी मोहोर मारली, की आतल्या सगळ्या बुडख्यांपेक्षा ती एकटी जड होती.

दरम्यान मी कबुतरीची टोपली बदलून तिला जाळीचा मोठा पिंजरा दिला आणि तो सायकलींवर ठेवला. सकाळी मी खोली उघडली की ती घुमायची. त्याआधी कोर्टात मी आल्याचा आनंद कोणी व्यक्त केलेला नव्हता.

पहिल्या नळ्या दिसल्या तेव्हा मी घाबरलो. पंखातून निळसर, ओलसर काड्या वर आल्या होत्या, बॉलपेनच्या रिफिलीसारख्या. मी चाचींच्या घरी निरोप पाठवला: मुद्देमालास रोग झाला आहे, त्वरित यावं.

चाची आल्या, बघितलं, आणि पहिल्यांदा हसल्या. "अरे, हेच तर पर! आत रगत हाय त्यांच्या. आता हात लावू नको. नळी आपल्या आपण फुटती. आतनं पर कसं निघतं बघशील, घडी करून पेटीत ठेवलेल्या नव्या लुगड्यागत."

आणि खरंच तसंच झालं. रोज सकाळी मी बघायचो. नळीचं टोक सुटायचं, कोंडा पडायचा, आणि आतून पिसाची टोकं निघायची, आधी ओल्या कुंचल्यासारखी, मग चपटी, मग तकतकीत. रोज एका नखाएवढं. मी दस्तुरखुद्द सरकारी फूटपट्टीने मोजत असे. मोजताना एकदा आप्पासाहेबांनी पकडलं.

"काय चाललंय?"

"मुद्देमालाची पाहणी, आप्पासाहेब."

"सायकलींची पाहणी केलीत कधी?"

"सायकली वाढत नाहीत."

पक्षकारही येत. परीट भिजवलेले हरभरे घेऊन सकाळी यायचा आणि जाळीला तोंड लावून "राणी, ए राणी" म्हणायचा. कोष्टी दुपारी शेंगदाणे घेऊन "शेवंते, ए शेवंते" म्हणायचा. कबुतरी दोघांकडेही सारखीच पाठ करून बसायची. एवढा निःपक्षपातीपणा मी त्या इमारतीत पुन्हा बघितला नाही. हरभरे आणि शेंगदाणे कोर्टाच्या नियमानुसार जप्त होत. मी ते नियमाने खात असे.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. चाची बाजरी आणायच्या, पण पिशवी माझ्या हातात द्यायच्या.

"तुम्हीच घाला की, चाची."

"तू घाल. माझ्या हाताची सवय नको तिला."

"नावाने तरी हाक मारा. काय नावाने मारू मी?"

"मुद्देमाल म्हण," चाची म्हणाल्या आणि पदर सारखा केला. "आत्ता तेवढंच खरं हाय."

जाणकार माणसं अशी कोरडी असतात, असं मला वाटलं. विषय जितका कळतो तितकी माया कमी होत असावी.

दोन महिने आणि चार दिवसांनी चाचींनी दोन्ही पंख उलगडून बघितले, प्रत्येक पिसाच्या मुळाशी नखाने टकटक केली आणि म्हणाल्या, "रगत आत गेलं. पक्की झाली. उद्या सोडा."

त्या संध्याकाळी आप्पासाहेब मुद्देमालाच्या खोलीत आले. माझ्यासमोर त्यांनी कचेरीची लांब कात्री ठेवली.

"हे काय?"

"उकिडवे, हुकुमात पाखरू उडवावं असं लिहिलंय. किती उंच, ते लिहिलेलं नाही." ते कॅनच्या दिशेने सरकत म्हणाले. "एका पंखातली दोन पिसं, अर्धा-अर्धा इंच. उडेल. पण लांब जाणार नाही. गल्लीत कुठेतरी उतरेल, कुणीतरी सही करेल, मुद्देमाल निकाली, तुम्ही कायम. मी तुमच्या भल्याचं सांगतोय." आणि ते खरंच माझ्या भल्याचं सांगत होते. बाष्पीभवनाने माणूस कनवाळू होतो.

ते गेल्यावर मी कबुतरी बाहेर काढली. चाचींनी शिकवल्यासारखी एका हातात धरली, पाय दोन बोटांत. दुसऱ्या हातात कात्री होती, त्यामुळे पंख उलगडायला हात उरला नाही. म्हणून कात्री खाली ठेवली आणि पंख उलगडला.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. प्रत्येक पीस मला पाठ होतं. डावीकडचं तिसरं दोन दिवस उशिरा फुटलं होतं आणि मी त्या दोन रात्री जेवलो नव्हतो. पाचव्याला अजून एक कोंड्याची पापडी चिकटलेली होती, ती मी नखाने काढली. पंख खिडकीसमोर धरला तर उजेड पिसांतून राखाडी होऊन येत होता. एकही फट नव्हती. मला आठवलं, बुडखे कातडीत राहिले की अंगाला वाटतं पर आहेत. तेरा महिने "सही तेवढी राहिली आहे" ऐकणाऱ्या माणसाला हे जरा जास्तच नीट कळतं.

मी पंख मिटला आणि कबुतरीला आत ठेवलं.

सकाळी आप्पासाहेबांनी भुवया उंचावल्या. "काम झालं?"

"कात्री बोथट आहे, आप्पासाहेब."

"मग?"

"मग काही नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू फासावर जाताना मी शेवटची इच्छा म्हणून चहा मागितला होता आणि तोही बिनसाखरेचा.

नऊ वाजता आम्ही गच्चीवर जमलो. साहेब, आप्पासाहेब, जमादार, चाची आणि मी. गच्चीवरून सगळं गाव दिसत होतं. हुकुमाप्रमाणे परीट आपल्या छपरावर उभा होता, कोष्टी आपल्या. खाली कोर्टाच्या आवारात बाकीच्या सगळ्या खटल्यांचे पक्षकार माना वर करून उभे होते; एका बांधावरून भांडणारे दोन भाऊ एकाच छत्रीच्या सावलीत होते.

"सोडा," साहेब म्हणाले.

मी हात उघडले.

ती लगेच उडाली नाही. माझ्या तळहातावर उभी राहिली, एकदा अंग फुलवलं, आणि मग एक फटका बसला, वाऱ्याचा, माझ्याच तोंडावर. पंखांची टोकं वर एकमेकांवर आपटली तेव्हा टाळी वाजल्यासारखा आवाज झाला. मग ती कठड्यापलीकडे, मग चिंचेच्या वर, मग त्याच्याही वर. बारा नवी पिसं होती. माझ्या तोंडातून "आई गं" असं काहीतरी निघालं. साहेब तर शाळेतल्या पोरासारखे कठड्यावर ओणवे झाले होते.

एक चक्कर. दुसरी. तिसरी. प्रत्येक चक्कर आधीच्यापेक्षा वर. मग ती पश्चिमेकडे वळली, ठिपका झाली, आणि ठिपकाही दिसेनासा झाला.

आप्पासाहेबांनी खिशातून माझा कागद काढला आणि त्याची व्यवस्थित चौघडी केली. "चुलत्यांची गिरणी चालू आहे ना रे?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

मी चाचींकडे बघितलं. त्या आकाशाकडे पाठ करून कठड्याच्या कडेला बसल्या होत्या आणि मूठभर बाजरी या हातातून त्या हातात ओतत होत्या.

"चाची, दिसत नाही कुठे."

"बघत ऱ्हा."

"तुम्ही बघा ना. तुमची नजर..."

"माझ्याच्यानं बघवत नाय, बाबा. तू बघ आणि सांग."

तेवढ्यात जमादार ओरडले, "ती बघा!"

ती खाली येत होती, उतारावर सायकल सोडल्यासारखी, पंख न हलवता. सरळ बोळाच्या दिशेने. परिटाच्या बायकोला नेमकी त्याच क्षणी छपरावर ज्वारी पाखडायची आठवण झाली. कोष्ट्याला खोकला आला. खोकला अगदी तालात होता आणि शिळेपेक्षा लांब ऐकू जात होता. साहेबांनी जमादारांना "लिहून घ्या" म्हटलं. ज्वारी उडत राहिली, खोकला चालू राहिला, आणि कबुतरी दोन्ही छपरांवरून निघून गेली.

"ओढ्याकडे चालली," मी म्हणालो.

"तिकडं काय हाय?" चाचींनी मान वर न करता विचारलं.

"एक पत्र्याचं घर आहे. वर लाकडी खुराडी आहेत, रिकामी दिसतात. ती... चाची, उतरली! उतरली! छपरावर चालतेय!"

"घराचं दार कसलं हाय?"

"हिरवं."

बाजरी ओतणारे हात थांबले. "नीट बघ, बाबा. हिरवं का निळं?"

"हिरवंच आहे, चाची. वरचा रंग गेलाय."

"गेलाच हाय," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली, कोण लावणार?"

सगळी बाजरी गच्चीवर सांडली. चाची कठड्याला धरून उठल्या, वळल्या आणि आता बघू लागल्या. हसत होत्या की रडत होत्या, ते मी पंचनाम्यात लिहिलेलं नाही, कारण नक्की सांगता येत नव्हतं.

"चाची, ते तुमचं घर आहे?" साहेबांनी विचारलं.

"हा, साहेब. सबुरी नाव तिचं. उस्तादांच्या हातावर अंड्यातनं निघाली. ते गेल्यावर मी सगळी पाखरं वाटून टाकली, हिला तेवढी ठेवली. एका सांजंला आलीच नाय. मला वाटलं, घरात माणूस नाय, आवाज नाय, ती तरी कशाला ऱ्हाईल? गेली आपल्या मनानं. पाण्याची थाळी उपडी घातली मी."

"म्हणजे कोर्टात पंख उघडला तेव्हाच तुम्ही ओळखलीत!" मी म्हणालो. "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? आपल्या मनानं गेलेली असली तर माझी कशी म्हणू? आणि पर नसलेल्या पाखराला काय विचारणार? त्यानं हो म्हटलं तरी ते हो नसतं." त्यांनी पदराने नाक पुसलं आणि एकदम गडबडीने जिन्याकडे निघाल्या. "थाळी उपडीच हाय. तहान लागली असंल तिला."

आम्ही सगळेच त्यांच्यामागे गेलो. साहेबांनी त्या दिवशीच्या उरलेल्या तारखा पुढे ढकलल्या, कारण 'स्थळपाहणी'.

हिरव्या दारापाशी परीट आणि कोष्टी आमच्या आधी पोचले होते. दोघं धापा टाकत, माना खाली घालून उभे. सबुरी वर पत्र्यावर इकडून तिकडे फेऱ्या मारत होती, घराची किल्ली हरवलेल्या मालकिणीसारखी.

"या, या," चाची म्हणाल्या. "कुणाची राणी आणि कुणाची शेवंता?"

"चुकलं, चाची," परीट म्हणाला. "ते पांढरं पर बघितलं, वळखली. उस्तादांच्या हातचं पाखरू आपल्या छपरावर बसलं, वाटलं, उस्तादच आले."

"मग येऊन सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर द्यावी लागली असती की!"

इतकी खरी साक्ष त्या खटल्यात दुसरी झाली नाही. चाचींनी परिटाचा कान धरला. कोष्टी जरा हसला, तेव्हा दुसऱ्या हाताने त्याचाही धरला. दोन्ही पन्नाशीचे कान.

"आणि तू रं? ह्यानं कापलेले पर परत आले तशी घरी निघाली असंल बिचारी. वाटेत तुझं छप्पर. आणि पर कापलेस ते काय कापलेस! उस्तादांनी हेच शिकवलं व्हय तुला? न्हाव्यानं गाढव भादरावं तसे!"

शिक्षा चाचींनीच सुनावली. साहेबांनी हरकत घेतली नाही. एकाने दार रंगवायचं, एकाने खुराडी दुरुस्त करायची, आजच्या आज. घरात शिडी एकच होती. त्यामुळे दुपारी दोनच्या सुमारास, खटला उभा राहिल्यापासून पहिल्यांदा, परीट कोष्ट्याशी बोलला. "नीट धर की, मुडद्या," तो म्हणाला. कोष्ट्याने धरली.

संध्याकाळी मुद्देमालाच्या खोलीत मी कागदपत्रं आप्पासाहेबांसमोर ठेवली. ताबापावतीवरच्या चाचींच्या अंगठ्याला शाईऐवजी हिरवा रंग होता.

"ताबा पक्षकाराला नाही, साक्षीदाराला?" आप्पासाहेबांनी चष्मा पुसला.

मी हुकूम पुढे केला. ज्याच्या छपरावर उतरेल त्याच्या ताब्यात. त्यांनी तो दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा आशेने वाचला.

"बरं. पण नोंदवही बघा. जमा करताना: एक कबुतरी, बारा पिसं कापलेली. परत देताना: एक कबुतरी, बारा पिसं शाबूत. मुद्देमाल आला तसा परत जायला हवा, उकिडवे. हा फरक कसा काय? याला जबाबदार कोण?"

मी एकतीस वर्षं मुद्देमाल सांभाळला. सुरे गंजले, सायकलींच्या घंट्या गेल्या, त्या कॅनचं काय झालं ते सर्वश्रुत आहे. आला त्यापेक्षा बऱ्या स्थितीत परत गेलेला मुद्देमाल तो एकच. पण हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तेव्हा मला फक्त शेऱ्याचा रिकामा रकाना दिसत होता आणि त्यापलीकडे गिरणी.

मी लेखणी उचलली आणि लिहिलं: 'फरकास जबाबदार: मुद्देमाल स्वतः.'

आप्पासाहेबांनी वाचलं. बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. ओढ्याच्या बाजूला, अंधार पडायच्या आधीची शेवटची चक्कर मारत, एक ठिपका फिरत होता.

मग त्यांनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढला, टेबलावर पसरला, तळहाताने घड्या मोडल्या, आणि कॅनकडे न बघता सही केली.